मधला दुवा : अहमदनगरचा किल्ला, हौशी रेडिओ आणि इंटरनेटची जोडणी

१/
९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांची धरपकड झाली आणि त्यांना घेऊन एक खास रेल्वेगाडी घाट चढून निघाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. कार्यकारिणीच्या सदस्यांची रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात झाली. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी असे एकूण बारा जण तेथे होते.

२/
निजामशाहीपासूनचा हा भुईकोट तटबंदी आणि खंदकासाठी प्रसिद्ध आहे. १९४२ मध्ये मात्र त्याची खरी भिंत बातमीची होती. आरंभीच्या आठवड्यांत कैद्यांना वृत्तपत्रेही मिळत नव्हती. मौलाना आझादांनी येथे आपल्या स्नेह्याला उद्देशून उर्दूत पत्रे लिहिली, पण ती टपालात पडणार नाहीत हे ठाऊक असूनच. पुढे १९४६ मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ग्रंथरूपाने आली.

३/
किल्ल्यातली पत्रे अशी जागच्या जागी थांबली असताना, त्याच ऑगस्टच्या २७ तारखेला मुंबईत एक आवाज हवेत उमटला. ४२.३४ मीटरवरून, भारतातल्या कुठल्याशा ठिकाणाहून, काँग्रेस रेडिओ बोलत होता. उषा मेहता तेव्हा अवघ्या बावीस वर्षांच्या होत्या. नेते बंदिस्त आणि छापखान्यांवर सेन्सॉर, अशा वेळी हे यंत्र चालवण्याची विद्या आली कोठून? तिचा एक महत्त्वाचा धागा हौशी रेडिओच्या परंपरेत आहे.

४/
हाच धागा पुढे कॅलिफोर्नियातल्या माणसाशी नगरच्या माळावरून हातातल्या छोट्या संचावर बोलता येण्यापर्यंत पोहोचतो. या प्रवासात यंत्रे बदलत गेली, एक प्रश्न मात्र तोच राहिला : दोन माणसांच्या मधला दुवा कोणाच्या हाती असतो, आणि तो तुटला तर काय उरते?

५/
प्रथम ‘हौशी’ या शब्दाविषयी. हौशी रेडिओचालक, म्हणजे ज्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात ते, पैशासाठी प्रक्षेपण करत नाहीत. ते सरकारी परीक्षा देतात, परवाना घेतात, स्वतःचे संकेतनाम म्हणजे कॉलसाइन मिळवतात आणि ठरवून दिलेल्या लहरींवर एकमेकांशी बोलतात. हौशी म्हणजे नवशिके, असा अर्थ येथे नाही. शास्त्रीय संगीतातले कित्येक जाणकार जसे मैफिलीचे मानधन न घेताही सुरात पक्के असतात, तसेच हे.

६/
विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारे आणि कंपन्या लांब लहरींवर भर देत होत्या. २०० मीटरपेक्षा आखूड लहरी दूरच्या संदेशनाला निरुपयोगी समजल्या जात. अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्याने हौशींना नेमका तोच टाकाऊ भाग दिला. पड जमीन कसायला द्यावी आणि तिला पाणी लागावे, तसे पुढे घडले.

७/
१९१४ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावातील हायरम पर्सी मॅक्झिम यांना जवळच्याच स्प्रिंगफील्डपर्यंत संदेश पोहोचवता येईना. त्यांनी वाटेवरच्या एका हौशी चालकाला विनंती केली : तू ऐक आणि पुढे सांग. या साध्या कल्पनेतून ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ जन्मली. रिले म्हणजे हातोहात पुढे देणे. डाकेचे हरकारे टप्प्याटप्प्यावर थैली बदलत, त्याचेच हे बिनतारी रूप. हौशी रेडिओतला पहिला मधला दुवा माणूस होता.

८/
मग तो मधला माणूसच अनावश्यक ठरला. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतल्या हौशींचे संकेत स्कॉटलंडमध्ये ऐकू आले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्स आणि अमेरिका यांच्यात आखूड लहरींवर दुतर्फा संभाषण झाले. ऑक्टोबर १९२४ मध्ये लंडनजवळच्या शाळेतला एक विद्यार्थी न्यूझीलंडच्या फ्रँक बेल यांच्याशी बोलला. टाकाऊ लहरी पृथ्वीची अर्धी फेरी मारून आल्या होत्या.

९/
याचे कारण आकाशात होते. जमिनीपासून सुमारे ६० ते ४०० किलोमीटर उंचीपर्यंत सूर्यप्रकाशाने विद्युतभारित झालेले थर असतात. त्यांना आयनांबर म्हणतात. लघुलहरी या थरांवरून वळून शेकडो, कधी हजारो किलोमीटर दूर उतरतात. येथे मधला दुवा कोणाच्याच मालकीचा नाही. तो सूर्य चालवतो, म्हणून दिवसा एक, रात्री दुसरा, आणि काही वेळा अजिबात नाही.

१०/
हौशींचे हे प्रयोग आणि मार्कोनी यांच्या कंपनीचे संशोधन यांतून साम्राज्याचा नवा संदेशमार्ग उभा राहिला. १९२७ मध्ये ब्रिटन आणि भारत यांच्यात लघुलहरींची बीम सेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र खडकीला होते आणि ग्रहण केंद्र दौंडला, म्हणजे नगरकडे जाणारी रेल्वे जेथून फुटते तेथेच. पंधरा वर्षांनी अहमदनगरचे कैदी याच मार्गाने गेले.

११/
भारतातही हौशी परंपरा लवकर रुजली. १९२१ मध्ये अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना परवाना मिळाला. ते देशातले पहिले हौशी चालक मानले जातात. मुकुल बोस यांनी दुतर्फा संभाषण साधले. जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने कार्यक्रम प्रक्षेपित केले. म्हणजे आकाशवाणीच्या आधी, अगदी १९२७ च्या इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्याही आधी, येथे हौशी मंडळी हवेत होती.

१२/
सरकारची नजर मात्र सावध होती. १८८५ च्या तार कायद्याने संदेशनावर सरकारचा एकाधिकार सांगितला. १९३३ च्या बिनतारी कायद्याने तर यंत्र परवान्याविना नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरवले. घरच्या साध्या रेडिओसाठी पोस्टात जाऊन लायसन्सचे पैसे भरावे लागत, ते याच विचारातून. १९८० च्या दशकापर्यंत महाराष्ट्रातल्या घराघरांत ती पुस्तिका जपून ठेवलेली असे.

१३/
१९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि हौशींचे परवाने थांबले. प्रक्षेपकयंत्रे जमा करण्याचे आदेश निघाले. सरकारला यंत्रे गोळा करता आली, ती बनवण्याचे ज्ञान गोळा करता आले नाही. मुंबईतले नरिमन प्रिंटर हे असेच हौशी परवानाधारक. काँग्रेस रेडिओचा प्रक्षेपक उभारण्याचे तांत्रिक काम त्यांनी केले. शिकागो रेडिओ या व्यापारी पेढीचे नानक मोटवाने यांचेही सहकार्य लाभले.

१४/
येथे थोडे गणित उद्बोधक ठरते. रेडिओलहरीचा वेग सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर. त्याला ४२.३४ ने भागले की वारंवारता येते सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. हौशींचा जो ‘४० मीटर पट्टा’ १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत मान्य झाला, तो ७ मेगाहर्ट्झपासूनच सुरू होतो. म्हणजे युद्धामुळे भारतीय हौशींना बंद झालेल्या त्याच पट्ट्यात काँग्रेस रेडिओ बोलत होता. आजही भारतातले हौशी रोज या पट्ट्यावर भेटतात.

१५/
या केंद्रावरून चिमूर-आष्टीच्या घटनांसारख्या बातम्या सांगितल्या गेल्या, ज्या सेन्सॉरमुळे छापून येणे दुरापास्त होते. दिशाशोधक यंत्रे घेऊन पोलिसांच्या गाड्या फिरत, म्हणून जागा सतत बदलाव्या लागत. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलीस थेट खोलीपर्यंत पोहोचले. उषा मेहता यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, एका तंत्रज्ञानेच जागा दाखवली होती. खटल्यात त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली.

१६/
या प्रकरणातला धडा दोन्ही बाजूंनी बोलका आहे. छापखान्याला इमारत लागते, टपालाला सरकारी डाक लागते, दूरध्वनीला एक्सचेंज लागते. रेडिओला एक प्रक्षेपक, एक तार आणि वीज पुरते. म्हणूनच तो स्वातंत्र्यसैनिकांना हवा होता आणि म्हणूनच कोणत्याही सरकारला तो बेहिशेबी ठेवणे परवडत नाही. स्वतंत्र भारतानेही १९३३ चा कायदा लगेच मोडीत काढला नाही.

१७/
युद्धानंतर परवाने पुन्हा सुरू झाले. १९४८ मध्ये महू येथील सैन्याच्या सिग्नल्स शाळेत हौशींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि १९५४ मध्ये तिचे कार्यालय दिल्लीला गेले. १९७८ च्या नियमांनी हौशी सेवेची चौकट आखली : व्यापारी किंवा राजकीय मजकूर नको, सांकेतिक गुप्तभाषा नको, आणि एरवी तिऱ्हाइताचे निरोप पोहोचवायचे नाहीत. आपत्तीची वेळ मात्र याला अपवाद.

१८/
या अटींमागे एक अलिखित करार आहे. हौशी चालकाला हवा वापरण्याचे स्वातंत्र्य मिळते, पण त्याचे बोलणे कोणालाही ऐकता आले पाहिजे. आपले नाव, म्हणजे संकेतनाम, त्याने उघड सांगितले पाहिजे. चावडीवरच्या बोलण्यासारखे हे आहे : बोला मोकळेपणे, पण गाव ऐकत आहे हे ध्यानात ठेवून.

१९/
लघुलहरी दूर जातात, पण लहरी आहेत. रोजच्या खात्रीच्या बोलण्यासाठी हौशी अतिउच्च वारंवारतेकडे वळले. भारतात त्यासाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा ‘दोन मीटर’ पट्टा वापरतात. संच हातात मावतो आणि आवाज स्वच्छ येतो. अडचण एवढीच की या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. सपाट माळावर उभ्या असलेल्या दोन माणसांना हातातल्या संचांवर दहा-बारा किलोमीटरपलीकडे पृथ्वीची वक्रताच आड येते.

२०/
नगर जिल्हा हे याचे उत्तम उदाहरण. सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरचा हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. पश्चिमेला अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड. पूर्वेला आणि दक्षिणेला पाथर्डी, कर्जत, जामखेडचे कोरडे पठार. भंडारदऱ्याच्या खोऱ्यातल्या माणसाला शेजारच्या खोऱ्यातलाही आवाज डोंगर पोहोचू देत नाही.

२१/
यावरचा उपाय म्हणजे उंचावर ठेवलेला रिपीटर. तो एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर अधिक शक्तीने पुन्हा बोलतो. हार्टफर्ड आणि स्प्रिंगफील्ड यांच्यामधल्या माणसाची जागा येथे डोंगरावरच्या यंत्राने घेतली. तरी कळसूबाईपासून जामखेड सरळ रेषेत जवळजवळ दोनशे किलोमीटर आहे. राज्यातल्या सर्वोच्च शिखरावरूनही एक जिल्हा पुरता कवेत येत नाही, मग दोन रिपीटर एकमेकांना जोडायचे कशाने?

२२/
या प्रश्नाचे उत्तर १९९० च्या दशकात इंटरनेटने दिले. १९९७ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरचे डेव्हिड कॅमरन यांनी दूरदूरचे रिपीटर इंटरनेटवरून जोडणारी ‘आयआरएलपी’ ही व्यवस्था उभारली. २००२ मध्ये अमेरिकेचे जोनाथन टेलर यांनी ‘इकोलिंक’ आणले आणि घरच्या साध्या संगणकावरूनही या जाळ्यात शिरता येऊ लागले. पुढे डिजिटल आवाजाच्या डी-स्टार आणि डीएमआर पद्धतींनीही हाच मार्ग धरला.

२३/
याची रचना समजायला सोपी आहे. चालक हातातल्या संचावर बोलतो. जवळचे जोडकेंद्र, म्हणजे संगणकाला जोडलेला एक रेडिओ, तो आवाज ऐकते. संगणक आवाजाचे अंकांत रूपांतर करून, आकसून, छोट्या पुड्या बांधून इंटरनेटवर सोडतो. दुसऱ्या टोकाचे जोडकेंद्र त्या पुड्या सोडते आणि तिथल्या रेडिओवर आवाज प्रक्षेपित करते. दोन्ही टोकांना हवा, मध्ये तार.

२४/
दूरचे केंद्र निवडण्यासाठी संचावरची बटणे दाबून त्याचा क्रमांक द्यायचा, अगदी फोन लावावा तसा. पण रीत रेडिओचीच राहते. एका वेळी एकानेच बोलायचे, बटण सोडायचे, आणि उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबायचे, कारण मधल्या जाळ्यात आवाजाला वेळ लागतो आणि तिसऱ्या कुणाला बोलायचे असेल तर त्यालाही वाव हवा. नव्या चालकांना यंत्रापेक्षा हा थांबा शिकायला वेळ लागतो.

२५/
जुना करारही या व्यवस्थेत जपलेला दिसतो. इकोलिंकमध्ये प्रवेश देण्यापूर्वी परवान्याचा पुरावा मागून संकेतनामाची खातरजमा केली जाते. कारण उघड आहे. इंटरनेटवर कोणीही असू शकतो, पण दुसऱ्या टोकाला त्याचा आवाज खऱ्या हवेत, खऱ्या परवानाधारकाच्या प्रक्षेपकातून बाहेर पडणार असतो. त्याची जबाबदारी त्या परवानाधारकावर येते.

२६/
भारतात हा विषय अधिकच नाजूक होता. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी आले. इंटरनेटवरून आवाजी संभाषणाला परवानगी मिळाली १ एप्रिल २००२ पासून, आणि तीही देशातल्या साध्या दूरध्वनी जाळ्याशी न जोडण्याच्या अटीवर. म्हणजे ज्या वर्षी इकोलिंक जन्मले, त्याच वर्षी भारतात इंटरनेटवर बोलणे कायदेशीर झाले. दोन जाळी एकमेकांना कोठे आणि कोणाच्या परवानगीने जोडायची, हा १८८५ पासूनचा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला.

२७/
हौशींमध्येही वाद झाला. मधला सगळा प्रवास तारेतून होत असेल तर त्याला रेडिओ म्हणायचे का? आयनांबराची लहर ओळखून, पहाटे उठून, क्षीण संकेत पकडण्याचे कसब येथे कुठे आहे? याच भूमिकेतून, जगातले शंभर देश गाठल्याबद्दलच्या प्रतिष्ठित सन्मानासाठी इंटरनेटवरचे संभाषण धरले जात नाही.

२८/
दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गच्चीवर लांब अँटेना बांधायला जागा नसलेला भाडेकरू, वसतिगृहातला विद्यार्थी, अंथरुणाला खिळलेला वृद्ध चालक, यांना हवेत राहण्याचा हा एकच मार्ग असू शकतो. संगमनेरमध्ये हातातला छोटा संच घेऊन बसलेल्या परवानाधारकाला टोरांटोतल्या मराठी परवानाधारकाशी दोघांच्याही खिशाला परवडेल अशा रीतीने मराठीत गप्पा मारता येणे, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

२९/
या वादाचा खरा निकाल आपत्ती लावते. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीनंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटे. किल्लारी आणि परिसरातली गावे ढिगाऱ्याखाली गेली, हजारो माणसे मृत्युमुखी पडली. दूरध्वनी यंत्रणा कोलमडली असताना बाहेरून आलेल्या हौशी चालकांनी बॅटरीवरचे संच लावून संदेशांची ने-आण केली. तेव्हा देशात सार्वजनिक इंटरनेट नव्हते. असते तरी किल्लारीत ते त्या दिवशी उपयोगी पडले नसते.

३०/
डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हौशी चालकांचे पथक प्रयोगासाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली. अंदमानचा मुख्य भूमीशी संपर्क विस्कळीत झालेला असताना या पथकाने लघुलहरींवर संदेश पोहोचवले. तेव्हा इंटरनेट होते आणि इकोलिंकही होते. कामी आला तो कोणाच्याच मालकीचा नसलेला आकाशातला दुवा.

३१/
म्हणून इंटरनेटची जोडणी निरुपयोगी ठरते का? तसेही नाही. आपत्तिग्रस्त भागातले छोटे संच आपापसांत तारेविना बोलत राहतात. त्यांतला एक लघुलहरींवर आपत्तीच्या कक्षेबाहेरच्या केंद्राशी संपर्क ठेवतो. त्या बाहेरच्या केंद्राचे इंटरनेट शाबूत असते, आणि तेथून निरोप जगात कुठेही जाऊ शकतो. फक्त पहिला टप्पा तारेवर विसंबून ठेवायचा नसतो, हे भान हवे.

३२/
म्हणूनच जाणते चालक दोन्ही विद्या जवळ ठेवतात. एरवी इंटरनेटच्या जोडणीवर नियमित भेटून संकेतनामे, माणसे आणि बोलण्याची शिस्त अंगवळणी पाडायची. आणि घरात एक लघुलहरींचा संच, एक बॅटरी आणि गुंडाळून ठेवलेली अँटेनाची तार सज्ज ठेवायची. मोर्स संकेतांचे ज्ञान परवान्यासाठी असलेच पाहिजे, ही आंतरराष्ट्रीय सक्ती २००३ मध्ये उठली, तरी अनेक जण ते शिकत राहतात, तेही याच विचाराने.

३३/
अहमदनगर आता अहिल्यानगर झाले आहे. किल्ल्यातल्या ज्या कोठडीत नेहरूंनी १९४४ मध्ये ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, ती पाहायला लोक येतात. आझादांची पत्रे पोहोचायला चार वर्षे लागली. मुंबईहून ४२.३४ मीटरवर निघालेला आवाज सेकंदाच्या हजाराव्या भागात या तटबंदीवरून गेला असेल. आत ऐकायला यंत्र नव्हते, एवढेच. दुवा नुसता असून भागत नाही. दोन्ही टोकांना संच लागतो, तो चालवणारा माणूस लागतो, आणि त्याची सवय शांततेच्या दिवसांतच करून ठेवावी लागते.